भोंगऱ्यात फिरलेली चांदी

दोधू पाटलाला बसलेला पैसा बघवत नसे. माणूस बसून राहिला तर तो दोन शिव्या हासडून गप्प बसायचा, पण रुपया बसलेला दिसला की त्याला जागेवर बसवत नसे. मुंबईत एका कापड गिरणीच्या रोकड खात्यात त्याने काही वर्षं काढली होती, आणि नंदुरबारला परत येताना तो हे दुखणं बरोबर घेऊनच आला. तापीकाठच्या पाटलांनी भागभांडवल जमवून स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंगची कंपनी काढली होती. तिथे त्याला खजिनदार नेमलं. पहिल्याच दिवशी तिजोरी उघडल्यावर त्याने कंपनीचे चेअरमन नथ्थूआबा यांना विचारलं, "आबा, ही चांदी आठे काय करी ऱ्हायनी?"

"काय करी? बशेल शे," आबा म्हणाले. "तिजोरीमा चांदी बशेलच ऱ्हास."

"मुंबईले बशेल रुपयाले कोनी जेवाले देत नही, आबा."

नथ्थूआबा शहाद्याकडचे मोठे जमीनदार. मोसमात किती गाड्या कापूस येईल हे ते शेताच्या बांधावर उभं राहून सांगायचे, आणि धनत्रयोदशीला तिजोरीची पूजा केल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. पोरगं हुशार आहे पण मुंबईचं वारं लागलंय, असं मनाशी म्हणून त्यांनी विषय सोडून दिला. दोधूने काही तो सोडला नाही.

तिजोरीतली ती चांदी खरं तर कंपनीची नव्हतीच. दिवाळी झाली की सातपुड्यातून दोनशेवर माणसं जीनवर कामाला उतरायची. बाया रेच्यांना, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांना, कापूस घालायच्या, गडी गाठी दाबायचे आणि वाहायचे. मोसमभर ज्वारी, मीठ, तेल कंपनी पुरवायची. मजुरी मात्र कोणी आठवड्याला घेत नसे. ती होळीच्या आधी एकदम घ्यायची, आणि तीही चांदीच्या रुपयांत. दर शनिवारी त्यांचा मुकादम जालमसिंग चार जाणत्या माणसांना घेऊन तिजोरीपाशी यायचा. खजिनदाराने त्या आठवड्याची चांदी त्यांच्यासमोर थैलीत टाकायची, थैली हलवून आवाज ऐकवायचा, गाठ मारून परत आत ठेवायची. याला थैली दाखवणं म्हणत. त्यांना ना कागद लागत होता ना सही.

दोधूला हा सगळा वेडेपणा वाटायचा. चार महिने एवढी चांदी फक्त वाजवून ठेवायची म्हणजे काय.

मग पौष आला आणि कापसाचा भाव धाडकन पडला. लढाईचं दुसरं वर्ष होतं, परमुलखाला जाणारी जहाजं अडली होती, कोणी व्यापारी कापसाला हात लावेना. पलीकडचा कारखाना कापूस घेऊन शेतकऱ्याच्या हातावर चिठ्ठी ठेवत होता, की पैसे महिन्याने न्या. गाड्या रस्त्यावर उभ्या, बैल रवंथ करताहेत, शेतकरी चिठ्ठीकडे बघून कपाळाला हात लावताहेत. आणि आपल्या तिजोरीत रोख चांदी बसून आहे, या विचाराने दोधूच्या जिवाची नुसती तगमग झाली.

त्याने कंपनीच्या पंचांपुढे तोंड उघडलं. आज आपण रोख मोजली तर तापीच्या दोन्ही काठच्या गाड्या आपल्या फाटकाशी लागतील. भाव चढला की गाठी विकू, आणि होळीच्या आत चांदी जागच्या जागी आणून ठेवू. शेवटी नथ्थूआबा मिशी चाळवत बोलले.

"कर. पन ध्यानमा ठेव, ती चांदी डोंगरवालासनी शे. होयीले त्यासना हातमा चांदी पडी तर पुढला सालपाईन सम्दा खजिना तुन्हा. नही पडी, तर त्या लोके पुन्हा येवाव नहीत अन् आपली जीन बंद पडी. मंग किल्ल्या ठेव अन् मुंबईनी गाडी धर."

दोधूने किल्ल्या घेतल्या आणि तो उडालाच. एका आठवड्यात कंपनीच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. कापसाचे डोंगर झाले. रोखीचा बोलबाला पार दोंडाईच्यापर्यंत गेला. माघात भाव चढला, मुंबईच्या व्यापाऱ्याने गाठी उचलल्या, आणि सुरतेच्या अडत्याच्या पेढीवर कंपनीच्या नावाने भलीमोठी रक्कम जमा झाली. दोधूचे पाय जमिनीला लागत नव्हते. शनिवारची थैली दाखवणं मात्र त्याने पौषातच बंद केलं होतं. कामाची घाई आहे, पुढल्या शनिवारी बघू, असं तो म्हणायचा. जालमसिंग काही न बोलता परत जायचा.

आणि मग चांदीच मिळेना.

सरकारी तिजोरीतून निरोप आला की नाणं शिल्लक नाही, नोटा घ्या. सुरतेच्या अडत्यानेही तेच कळवलं. लढाईच्या धास्तीने जो तो चांदीचा रुपया दाबून बसला होता, आणि त्याच्या जागी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली होती. सगळी तिजोरी उलटीपालटी करून दोधूने चांदी गोळा केली ती अडीच हजार भरली. मजुरी सात हजारांच्या वर होती. सुरतेला पैशाची रास पडली होती आणि इथे हात रिकामे.

त्याने चाचपून बघावं म्हणून एक कोरी नोट जालमसिंगाच्या हातात दिली. जालमसिंगाने ती उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली.

"भाऊ, याले भोक पाडीसन गयामा घालता येस का?"

"नही."

"देजमा कोनी ली का?"

डोंगरात नवऱ्यामुलाकडून मुलीच्या बापाला देज द्यायचं ते चांदीत. दोधूला हे लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने नोट परत घेतली.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. होळी तोंडावर आली होती. मुंबईच्या गाडीची शिट्टी ऐकली की त्याचा हात किल्ल्यांकडे जायचा. तिसऱ्या दिवशी तो स्टेशनावर सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांचे गठ्ठे उतरताना बघत उभा होता. भोंगऱ्याच्या बाजारासाठी माल आला होता. होळीच्या आधी डोंगराच्या पायथ्याला हा बाजार भरतो आणि सगळा सातपुडा ढोल घेऊन खाली उतरतो. कापड, मणी, खजूर, गूळ, नारळ, सगळी खरेदी त्या एका दिवसाची. त्या गठ्ठ्यांकडे बघता बघता दोधूच्या डोक्यात लख्ख झालं, की डोंगराची चांदी शेवटी या व्यापाऱ्यांच्या गल्ल्यात जाते. आणि या बिचाऱ्यांना ती पोत्यात भरून, भाड्याचे लाठीवाले बरोबर घेऊन, वाटमारीच्या भीतीने रामराम म्हणत सुरतेला न्यावी लागते.

त्यांना पैसा सुरतेला हवा होता. दोधूचा पैसा सुरतेलाच होता. दोधूला चांदी बाजारात हवी होती, आणि त्यांच्याकडे चांदी येणार होती ती बाजारातच. एवढं सोपं गणित आपल्याला दोन दिवस सुचलं नाही म्हणून त्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. शेजारचा हमाल दचकून त्याच्याकडे बघायला लागला.

कापडवाला ठाकोरशेठ त्याच्या ओळखीचा होता. दोधूने त्याला तिथेच गाठलं आणि बेत सांगितला. मजुरी यंदा कारखान्यावर न वाटता डोंगराच्या पायथ्याला म्हसावदच्या बाजारातच वाटायची. पहिल्यांना हातातली चांदी द्यायची. ते खरेदी करतील, चांदी ठाकोरशेठ आणि इतर व्यापाऱ्यांकडे जाईल. त्यांनी ती दोधूच्या पेटीत टाकायची आणि सुरतेच्या पेढीवरची हुंडी घ्यायची, वर शेकड्याला आठ आणे जास्त. हुंडी बंडीच्या आतल्या खिशात बसते, तिला लाठीवाला लागत नाही. पेटीत आलेल्या चांदीने पुढच्यांची मजुरी द्यायची. तेच रुपये पुन्हा बाजारात, पुन्हा पेटीत.

ठाकोरशेठ हसून म्हणाला, "पाटील, तमे तो चांदीने गरबा रमाडशो." म्हणजे तुम्ही चांदीला गरबाच खेळवणार.

बेत ऐकून नथ्थूआबा मात्र हसले नाहीत. "अन् चांदी फिरनी नही तर?" त्यांनी विचारलं. दोधू म्हणाला की चांदीला दुसरीकडे जायला जागाच नाही. बाजाराला लोक येतात ते खरेदीलाच.

सरकीच्या पोत्यांखाली पेटी दडवून गाडी निघाली. तापी उतरून, शहादा मागे टाकून म्हसावद गाठलं तोवर दोधूच्या अंगात आनंद मावेनासा झाला होता. मजूर आदल्याच दिवशी पायी पोचले होते. चहूकडून पाड्यापाड्यांची माणसं येत होती. कमरेला घुंगरं, डोक्याला मोरपिसं, बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा. चिंचेखाली टेबल मांडून दोधूने मुंबईच्या शिस्तीत रांग लावली. आधी रेच्यावरच्या बाया, मग प्रेसवरचे गडी, शेवटी हमाल. हजेरीपट होता तसाच होता, त्याच क्रमाने नावं पुकारायला सोपी.

चांदी खणखण वाजायला लागली. बाया रुपये दगडावर आपटून पारखायच्या, पदराला गाठ मारायच्या आणि बाजूला व्हायच्या. काम इतकं झपाट्याने चाललं की दोधू मनातल्या मनात गुणगुणायला लागला. रेच्याच्या बायांची रांग संपली. पेटीत निम्म्याहून कमी चांदी उरली. आता व्यापारी येतील म्हणून त्याने मान वर केली.

कोणीच येत नव्हतं.

त्याने उभं राहून बाजाराकडे बघितलं. बाजार माणसांनी फुलला होता, पण कोणी काही घेत नव्हतं. लोक झाडांखाली घोळक्याने बसले होते. ढोल आडवे पडले होते. खजुराच्या राशीवर माशा बसत होत्या आणि खजूरवाला त्या हाकलत होता. मजूर तर नाहीतच, पण डिंक-चारोळी विकून स्वतःची चांदी घेऊन आलेली माणसंसुद्धा ढिम्म हलत नव्हती.

ठाकोरशेठ हातातला कापड मोजायचा गज आपटत आला. "दोधूभाई, आ बजार छे के मसाण?"

दोधू धावतच बायांकडे गेला. रेच्यावरच्या बायांची मुकादमीण नानीबाई सगळ्यांत पुढे बसली होती. पदराला चांदीची गाठ, पण बाई निवांत.

"नानीबाई, बाजार काबरं करत नहीत तुम्ही?"

"कसा करवो, भाऊ? आमना पाडाना गडी आजून रांगमा शेत."

"मंग काय झायं? तुमले तर भेटनी चांदी."

नानीबाईने त्याच्याकडे असं बघितलं की हा माणूस खरंच नंदुरबारचा का, अशी तिला शंका आली असावी. मग तिने समजावून सांगितलं. भोंगऱ्यात एकट्याने सुपारीसुद्धा घ्यायची नसते. सगळ्या पाड्याच्या हातात चांदी आली की पाड्याचा ढोल उठतो, आणि ढोलामागे सगळा पाडा बाजारात शिरतो. एकाने घेतलं आणि दुसरा रिकाम्या हाताने बघत राहिला, तर त्या सणाला अर्थ काय? बाया एका पाड्याच्या नव्हत्या. प्रत्येक पाड्यातल्या बायांना मजुरी मिळाली होती आणि प्रत्येक पाड्यातला कोणी ना कोणी गडी राहिला होता. त्यामुळे एकही ढोल उठत नव्हता.

दोधूने मागे वळून रांगेकडे बघितलं. सगळ्यांच्या हातात चांदी पडेपर्यंत कोणी रुपया सोडणार नव्हतं, आणि रुपया सुटल्याशिवाय सगळ्यांना पुरणार नव्हता. हजेरीपटाच्या क्रमाने त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या पाड्यांना एकदम कुलूप घातलं होतं. चांदीला दुसरीकडे जायला जागा नाही असं तो म्हणाला होता, पण माणसांच्या पदरालाही गाठ असते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता लपवून उपयोग नव्हता. त्याने जालमसिंगाला चिंचेमागे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. पेटीत किती आहे, किती नाही, सुरतेला काय आहे, आणि पौषात त्याने चांदीचं काय केलं तेही.

जालमसिंग सगळं ऐकून मग म्हणाला, "पोषपाईन तू थैली दखाडी नही. आमले तव्हळच समजी गयथं."

"मंग बोलनात काबरं नही?"

"चोर ऱ्हाता तर पयी जाता. तू रोज कामवर येस. म्हनं, देखूत." त्याने पागोटं नीट केलं. "पन ईचारं नही, हाई वाईट करं तू. मांगता तर देतूत आम्ही."

दोधूला शरमेने मान वर करवेना. एवढी वर्षं पैशाची नस ओळखतो म्हणून मिरवला, आणि चांदी ज्यांची त्यांना विचारायचं एवढं साधं सुचलं नाही. पण शरमेला वेळ नव्हता, ऊन चढत होतं. पेटीत उरलेल्या चांदीत निदान एखादा पाडा तरी पुरा होईल का? त्याने जालमसिंगाला विचारलं तसा जालमसिंगाचा चेहरा उजळला. घाटावरचा गोवालचा पाडा सगळ्यांत लहान. त्यातले मोजके गडी राहिलेत. त्यांचं आधी दे.

"अन् तुन्हा पाडा?" दोधूने विचारलं. जालमसिंगाचा पाडा सगळ्यांत मोठा होता, नानीबाईही त्यातलीच.

"आमना शेवटले," जालमसिंग म्हणाला, आणि ते सांगायला आपल्या माणसांकडे गेला.

दोधूने हजेरीपट घडी करून खिशात कोंबला. गोवालच्या पाड्याचे गडी बोलावले, चांदी मोजली, शेवटच्या माणसाच्या मुठीत रुपये पडले. गोवाल म्हातारा उठला. त्याने ढोल गळ्यात अडकवला आणि पहिला ठोका दिला. सगळ्या बाजाराने माना वळवल्या. पाडाच्या पाडा घुंगरं वाजवत दुकानांकडे निघाला, आणि खजूरवाला इतका गडबडला की तागडीच उलटी धरून बसला. थोड्याच वेळात ठाकोरशेठ थैलीत चांदी घेऊन चिंचेखाली आला. दोधूने पहिली हुंडी लिहून त्याच्या हातात ठेवली.

ती चांदी पेटीत पडते न पडते तोच दुसऱ्या पाड्याचे गडी टेबलाशी आले. दुसरा ढोल उठला. मग तिसरा. डिंक विकणारेही याच पाड्यांतले, तेही आपली चांदी घेऊन ढोलामागे बाजारात शिरले आणि पेटीत आधीपेक्षा जास्त चांदी यायला लागली. कड वाकलेला एक रुपया दोधूच्या हातून तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याला हसू आवरेना. मणीवाले, गूळवाले, नारळवाले, सगळे हुंडीसाठी रेटारेटी करत होते. दोधू मोजत होता, लिहीत होता, ओरडत होता, आणि आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

ठाकोरशेठ मात्र व्यापाऱ्याचा बच्चा. दोधूची गरज त्याने हेरली होती. ऐन रंगात चांदीची थैली मांडीखाली दाबून तो म्हणाला की आता शेकड्याला आठ आण्यांत नाही जमत, दोन रुपये द्या.

दोधूने पेटीचं झाकण लावलं आणि हात बांधून बसला. "ठेवा शेठ तुमनी चांदी. पुढला पाडाले मजुरी भेटाव नही, त्यासना ढोल उठाव नही. बाकीनं कापड पाठवर बांधीसन सुरतले ली जा."

शेठने बाजारात अजून बसलेल्या माणसांकडे बघितलं, मग आपल्या न उघडलेल्या गठ्ठ्यांकडे बघितलं. थैली मांडीखालून निघाली.

उन्हं कलली तेव्हा नथ्थूआबांची बैलांची दमणी येऊन थांबली. पोराची फजिती झाली असेल तर सावरून घ्यावी म्हणून ते आले होते. त्यांनी बघितलं तर चौफेर ढोल घुमत होते आणि चिंचेखाली जालमसिंगाच्या पाड्याची रांग लागली होती. ही शेवटची रांग. पेटी तळाला गेली, व्यापाऱ्यांनी भरली, पुन्हा तळाला गेली, पुन्हा भरली. जालमसिंग स्वतः सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याचे रुपये मोजून झाले, त्याने ते दगडावर वाजवले आणि मान हलवली. त्यांचा ढोल सगळ्यांत मोठा होता. तो उठला तसा आबांच्या बैलांनी कान टवकारले.

"सम्दासले भेटनी?" आबांनी विचारलं.

"सम्दासले. चांदीच."

आबांनी पेटीत डोकावून बघितलं. शेवटचा पाडा बाजारात गेला आणि व्यापारी अखेरच्या हुंड्या घेऊन गेले तेव्हा पेटी येतानापेक्षा जड झाली होती. आबांनी दोधूच्या पाठीवर असा हात मारला की तो खोकायला लागला.

सामान आवरताना नानीबाई आली. अंगावर नवं लुगडं, हातात मण्यांच्या माळा. तिने पदराची गाठ सोडून उरलेली चांदी टेबलावर ठेवली.

"मन्हा पोऱ्याना देजनी शे. घाटमा कोठे वागवू इतली? तुन्हापान ठेव. लगन ठरनं की लेवाले येसू."

दोधूने सवयीने कागद पुढे ओढला, किती जमा ते लिहून द्यायला. तिने हाताने कागद बाजूला सारला. "तो ऱ्हाऊ दे. फक्त एक आयक. याना कापूस लेवू नको."

मागे उभा असलेला जालमसिंग मोठ्याने हसला, आबाही हसले. दोधूही हसायला गेला, पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने ते रुपये कोऱ्या थैलीत टाकले, थैली तिच्या कानाशी नेऊन हलवली, आणि गाठ तिलाच मारायला लावली.

गाडी निघाली तेव्हा कंपनीची पेटी सरकीच्या पोत्यांखाली होती. नानीबाईची थैली मात्र दोधूने पेटीत ठेवली नाही. नंदुरबारपर्यंत तो ती मांडीवर घेऊन बसला होता.